लॅपटॉपवर बसवलेला धवला

ये गं पोरी, जरा जवळ सरक. कागदावरच का होईना, माझ्यापुढं बस, कारण मला तुझा कान धरायचाय. परवा तू तुझ्या वास्तुशांतीचा व्हिडिओ मेसेजवरून धाडलास आणि खाली लिहिलंस, “आत्याआजी, छान गाणं लावून जोडून दे ना.” मी उघडला. पाटावर तू बसलीयस एवढं कळलं. तुझं नाक कुठं, नथ कुठं, काही उमगेना. तुझ्या आईचं तोंड म्हणजे नुसते चौकोन. अगं, तीन जणींच्या फोनातून फिरून आला होता तो. तांदूळ सडता सडता कणीच उरावी तशी गत. पुण्यात एवढ्या मोठ्या हापिसात जातेस आणि हे कळू नये तुला? व्हिडिओ म्हणून पाठवला की तो वाटेत आकसतो. फाइल म्हणून पाठवला तर जसा निघाला तसा पोचतो. एवढीच गोष्ट, पण ती मला कळेपर्यंत काय होऊन बसलं ते तुला ठाऊक नाही. तुझ्या आजोबाला, म्हणजे माझ्या भावालाही, मी हे धड सांगितलेलं नाही.

तुला माझं सासर म्हणजे एक अंगण आणि आंब्याचं झाड एवढंच आठवत असेल. लहानपणी दोनदा आली होतीस, खालापूरहून भावाच्या गाडीवर बसून. कडावपासून आत, शेतांच्या कडेला घर आहे. हे साजगावच्या कारखान्यात होते, पाळीवर जायचे. ते गेले. मुलगा आधीच परदेशी गेलेला. जाताना त्याचा जुना लॅपटॉप कपाटावर ठेवून गेला, म्हणाला, “आई, हा भंगारात दे.” मी दिला नाही. मी सातवी शिकलेली बाई. पण दुपारचं घर फार मोठं असतं बघ. भाकरी एकीची, भांडी एकीची, अकरा वाजता सगळं आवरून होतं आणि पुढं दिवस पडलेला असतो. मग एकदा लॅपटॉप पुसला, चार्जर लावला. फोनवर लोक शिकवतात ते बघून बघून व्हिडिओ कापायला शिकले. पहिला व्हिडिओ केला तो कोंबडी आणि तिच्या अकरा पिलांचा. दीड मिनिटाचा. त्याला आठ दिवस लागले.

तो बघितला कुणी? जाऊबाईंनी.

जाऊबाई म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाची बायको. आमची घरं जोड, मधे एकच भिंत आणि पडवी सामाईक. पन्हळीचं पाणी कुणाच्या दारात पडतं यावरून आम्ही दोन वर्षं बोललो नव्हतो एकमेकींशी, आणि मग एका दिवशी त्या ताटलीत सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “खारट झाली का बघ.” झालं, मिटलं. दोघींचे नवरे गेल्यावर तर एकीच्या चुलीवर दोघींचा चहा. त्यांचा मुलगा-सून खोपोलीला राहायचे, सणाला यायचे.

आणि जाऊबाई धवलारीण होत्या. तुमच्या पुण्यात हे नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे लग्नात भटजी येवो न येवो, धवलारीण लागतेच. तेल लावताना, हळद लावताना, नवरा निघताना, नवरी पाठवताना, ज्या त्या विधीला जो तो धवला. ती पुढं म्हणते, बाकीच्या बायका तीच ओळ मागून ओढतात. त्यांचा गळा काही गोड नव्हता. जाडा, थोडा घोगरा. पण मांडवात सुरू झाला की बाहेर बाजेवर बसलेले बाप्येसुद्धा बोलायचे थांबत. पुढंपुढं मात्र हळदीला डीजे येऊ लागला. बोलावणं यायचं, पण कोपऱ्यात बसवायचे आणि दोन कडवी झाली की गाणं चालू. त्या उठून घरी यायच्या. पडवीत पाय धूत म्हणायच्या, “माजा गळा आता कारल्याच्या येलावानी. कुनाला नको, पन उपटत बी नायत.”

तर माझी कोंबडी बघून त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, “माजा पन काढ की गं धाकटे. नातवाची सोयरीक झालीय. वैशाखात लगीन. त्याच्या हळदीला माजा गळा असला पायजे. दम निगतोय मला, तवर जमंल का न जमंल.”

मी लगेच फोन खुंटीला टेकवून उभा केला. तर नाहीच म्हणाल्या.

“असं कसं? बिनलग्नाचा धवला म्हंतात का कुटं? देव कुनाला आशीर्वाद देनार, तुज्या खुंटीला?”

त्यांचे नियम पक्के. लगीन असल्याशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही. आणि काढला की तोडायचा नाही, शेवटपर्यंत न्यायचा. मधे खोकला आला तरी गिळायचा. मी म्हटलं, “मग आता लगीन कुटून आनू?” तर त्याच म्हणाल्या, “आठ दिवसांनी तुळशीचं हाय की.”

तुळशीचं लग्न द्वादशीला लावलं तरी चालतं, पौर्णिमेपर्यंत कुठल्याही दिवशी लावलं तरी चालतं. आम्ही चार दिवस रोज लावलं. पहिल्या दिवशी खरं, पुढचे तीन दिवस म्हणजे वऱ्हाड राहिलंय असं धरून. शेजारची म्हातारी विचारायची, “अगं, किती यळा लावताव त्या तुळशीचं? नवरा पळून जातो का तिचा रोज?” जाऊबाई म्हणायच्या, “तुला काय आहेर करायचा हाय का? नाय ना? मग गप.”

पहिल्या दिवशी हळदीचा धवला. अकरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा, तो चाळीस मिनिटं; शेवटच्या दिवशी नवरी पाठवायचा. आणि धवला तोडायचा नाही म्हणून मी फोनही थांबवला नाही. सलग. फोनात जागा कमी, म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन कमी जागा घेणारा प्रकार निवडून ठेवला होता. मोठी हुशारी केली असं वाटलं होतं मला. तरी पहिल्या दिवसानंतर फोन म्हणायला लागला, जागा नाही. मग मी काय केलं, तर हळदीचा व्हिडिओ मुलाला मेसेजवरून पाठवला आणि लिहिलं, “जपून ठेव, काकूंचा आहे.” त्याचा अंगठा आला. मी फोनातला तो पुसला, जुने फोटो-व्हिडिओही पुसले आणि पुढच्या दिवसांना जागा केली.

कळलं ना, कान का धरलाय ते?

तिसऱ्या दिवशी फोन तांब्याला टेकवून ठेवला होता तो घसरला, आणि मला पत्ताच नाही, मी मागून ओढायला बसलेली. त्यात जाऊबाईंचं तोंड आलंच नाही. नुसती मांडी आणि वाटीत हळद कालवणारे हात. बराच वेळ तेच. मी कपाळावर हात मारला. त्या म्हणाल्या, “असू दे. तोंडात तसं बी दात नायत.”

पौषात त्या गेल्या. सकाळी त्यांच्या चुलीचा धूर नाही दिसला म्हणून मी भिंतीवर थाप मारली. आमची ती खूण होती. उलट थाप आली नाही. आणखी नको लिहायला.

दिवस-कार्य झालं, त्यांचे मुलगा-सून कुलूप लावून खोपोलीला गेले. मग मी लॅपटॉप काढला. वैशाखाला चार महिने होते आणि शब्द मी दिला होता.

पहिलाच घास अडला. व्हिडिओ लावला की चित्र दोन पावलं चालायचं आणि थबकायचं, पुन्हा चालायचं. कापायला जावं तर लॅपटॉप भात्यासारखा फुंकर मारायचा आणि गोठून बसायचा. मला वाटलं, गेला हा. आणि जिथं चालायचा तिथं आणखी वेगळंच. सुरुवातीला ओठ आणि आवाज बरोबर, पण दहाव्या मिनिटाला ओठ मागं राहायला लागायचे, तिसाव्या मिनिटाला तर जाऊबाईंचं तोंड बंद आणि आवाज चालू. अंगावर काटा यायचा गं माझ्या.

एक सांगायचं राहिलं. त्यांचा नियम माझ्या डोक्यात पक्का होता, बिनलग्नाचा धवला नाही. मग लॅपटॉपवर रोज दुपारी तो वाजवायचा कसा? मी शेजारी पाट मांडला, दोन सुपाऱ्या ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं. हा नवरा, ही नवरी. आणि मग बटण दाबायची. हसू नकोस. मीही हसले होते, पण तिथं माझ्याबरोबर हसायला कुणी नव्हतं, म्हणून लवकर थांबले.

शेवटी कर्जतला स्टेशनाकडे एक फोटोस्टुडिओ आहे तिथं गेले. लग्नाचे व्हिडिओ काढतात. मालक पन्नाशीचा असेल, चष्मा डोक्यावर आणि सगळ्या दुकानात चष्मा शोधणारा. मी पिशवीतून लॅपटॉप काढला तर म्हणाला, “काकू, हा म्युझियमला द्या.”

“मंग तुमी पन चला त्याच्यासंगं,” मी म्हटलं. “दोगंबी जुने.”

हसला आणि स्टूल पुढं केलं. फाइल बघितली आणि विचारलं, “कुठल्या फॉरमॅटमध्ये घेतलंय?”

“एमपीफोर,” मी ऐटीत.

“तो डबा झाला हो काकू. डब्यात काय भरलंय ते विचारतोय मी.”

मग त्यानं मला समजावलं, आणि चांगलं समजावलं, म्हणून तुलाही सांगते. नावाच्या शेवटी एमपीफोर असो, एमओव्ही असो, एमकेव्ही असो, तो नुसता डबा. एकाच आकाराच्या डब्यात कुणी पिठलं नेतं, कुणी शिरा. आत चित्र कुठल्या रीतीनं दाबून भरलंय ते खरं. माझ्या फोनानं जागा वाचवायला ‘एच टू सिक्स फाइव्ह’ नावाच्या रीतीनं दाबलं होतं. फार घट्ट. बघायला ठीक, पण कापायला बसलं की जुन्या लॅपटॉपला ते सोडवता सोडवता घाम फुटतो. ‘एच टू सिक्स फोर’ त्यापेक्षा सैल, जुन्या यंत्रालाही झेपतं. आणि त्याहून सोपी अशी एक रीत, जिच्यात प्रत्येक चित्र पुरतं साठवतात. ती जागा खाते ढिगानं, पण कुठंही कापा, लोण्यात सुरी.

“पन दाबतात म्हंजे काय करतात?” मी विचारलं.

“पहिलं चित्र पूर्ण ठेवतात. पुढच्याचं फक्त काय बदललं तेवढं लिहून ठेवतात. म्हणून मधलंच एखादं चित्र मागितलं की कॉम्प्युटर मागं जातो, पूर्ण चित्र शोधतो आणि तिथून मोजत मोजत पुढं येतो.”

अगं, जाऊबाई तशाच होत्या. कुणी विचारलं, “ते मदलं कडवं कसं हाय वो?” तर त्यांना मधलं सांगता यायचं नाही. मान हलवायच्या, डोळे मिटायच्या आणि मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून सुरू करून तिथपर्यंत यायच्या. मग मोठ्यानं ते कडवं सांगायच्या. आपण थांबायचं तोवर.

“आणि ओठ मागं का राहतात?”

“तुम्ही सलग चाळीस मिनिटं घेतलंय. फोन एका सेकंदात कधी तीस चित्रं घेतो, कधी सव्वीस. उजेड कमी झाला की कमी. बघताना कळत नाही, पण कापायच्या सॉफ्टवेअरला वाटतं, सगळे सेकंद सारखे. मग फरक साठत जातो. छोटे छोटे तुकडे घ्यायचे ना, काकू!”

“धवला तोडत नायत,” मी म्हटलं.

त्यानं चष्मा डोक्यावरून काढून नाकावर ठेवला. “कुणी म्हटलाय?”

मी सांगितलं. तर तो म्हणाला, “त्या बाई? माझ्या बहिणीच्या लग्नात होत्या त्या.” मग त्यानं फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर चढवलं आणि पाठकोऱ्या पत्रिकेवर मला लिहून दिलं: आधी सगळं बदलून घ्या, सेकंदाची चित्रं कायमची एकसारखी करा, मगच कापा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. शेवटी टीव्हीसाठी एमपीफोर, आत टू सिक्स फोर. ती पत्रिका अजून माझ्या देवघरात आहे, कुणाच्या लग्नाची देव जाणे.

घरी येऊन बदलायला लावलं. एका व्हिडिओला पूर्ण दुपार. लॅपटॉप इतका तापायचा की मी स्टीलचं ताट पालथं घालून त्याच्यावर ठेवायची. पडद्यावर टक्के वाढताना दिसायचे, चार, पाच, सहा. मी निवडायला तांदूळ घेऊन शेजारी बसायची. आजारी माणसाजवळ बसावं तशी. आणि झालं गं! दुसऱ्या दिवसाचा चाळीस मिनिटांचा धवला शेवटापर्यंत आवाजाला ओठ जुळून चालला. मी भिंतीवर थाप मारायला उठलेसुद्धा.

उठले आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसले.

पण हळदीचा कुठं होता? तो माझ्या मुलाकडे. मी त्याला लिहिलं, पाठव. दोन दिवसांनी पाठवला. उघडला तर बोटभर. मोठा करावा तर जाऊबाईंचं तोंड पाण्यात पडलेल्या फोटोसारखं. मी त्याला फोन केला, म्हटलं, “बाळा, मोठा धाड ना, खरा.” तो म्हणाला, “आई, तू पाठवलास तोच आहे हा. मेसेजनं छोटा केला असेल.” मग म्हणाला, “काय आहे त्यात?” म्हणजे त्यानं उघडलाच नव्हता. त्याला बोलू नकोस हं तू. तिथं त्याची रात्र असते तेव्हा माझी दुपार.

पुन्हा कर्जत. स्टुडिओवाल्यानं पाहिलं आणि मान हलवली. “फॉरमॅट बदलून गेलेलं परत येत नाही, काकू. बारीकचं मोठं केलं तर नुसतं बारीकच मोठं दिसतं.”

“मंग?”

“आवाज मात्र बरा आहे हो. आवाजाला एवढी इजा नाही झालेली.”

त्या दिवशी मी कर्जतवरून टमटमनं परत येताना रडले. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, “माहेरून आलाव का?” मी हो म्हटलं. काय सांगणार.

आणखी एक पेच. मी जाऊबाईंच्या सुनेला फोन करून सांगितलं होतं की हळदीला दाखवायचंय. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “काकी, राग नका मानू. गेलेल्या मानसाचं तोंड हळदीत कशाला? पोराकडची, पोरीकडची चार मानसं बोलतील.” तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शुभकार्य आहे. पण माझ्यापाशी उरलं काय? तोंडही नाही, मांडवात जागाही नाही, आणि शब्द तर दिलेला.

दोन-तीन दिवस मी लॅपटॉप उघडला नाही. मग एकदा उघडून व्हिडिओ एकेक बघत गेले आणि तो तिसऱ्या दिवसाचा, फोन घसरलेला, तो लागला. मांडी, वाटी, हात. हळद कालवताहेत. सांडशीनं भाजल्याचा डाव्या मनगटावरचा डाग, विळ्यानं कापलेलं आणि वाकडं जुळलेलं करंगळीशेजारचं बोट, दोन साध्या पितळी बांगड्या. धवला दुसराच आहे, पण तोंडच दिसत नाही तर ओठ कुठून चुकणार? मी पहिल्या दिवसाचा आवाज काढला आणि ह्या हातांखाली ठेवला. हातांचा ठेका वेगळा होता, तो चार ठिकाणी कापून जुळवला. प्रत्येक चित्र पुरतं साठवणाऱ्या त्या रीतीत बदलून घेतलं होतं म्हणून जमलं, नाहीतर अर्ध्या सेकंदाचा तुकडा माझ्या लॅपटॉपनं कुठला कापू दिला असता! आवाजाला मात्र कुठंच कात्री लावली नाही. अकरा मिनिटं सलग.

सुनेला फोन केला. म्हटलं, “तोंड नाय दिसत गं. हातच हायेत.”

तिनं विचारलं, “हळदीचे?”

“हळदीचे.”

“मंग आना.”

हळद जाऊबाईंच्या अंगणातच होती, बंद घराचं कुलूप काढून. मांडवात टीव्ही लावला होता, लग्नाआधीचे नवरा-नवरीचे फोटो दाखवायला. मी पेनड्राइव्ह दिला. डीजेवाला, चांगला दाढीवाला माणूस, म्हणाला, “काकी, पाच मिनिटं हां. पब्लिक थांबलंय.” मी हो म्हटलं. खोटं बोलले.

सुरू झालं. कुणी विशेष बघत नव्हतं. बायका आपसात बोलत होत्या, पोरं फोनात. नवरा पाटावर बसलेला, अंगाला टॉवेल, कानात कुणी तरी काही सांगतंय. आवाज मांडवातून जात होता आणि पंख्याच्या आवाजात मिसळत होता. मला वाटलं, हेच का ते, यासाठी चार महिने? एक म्हातारी मात्र, तीच शेजारची, मागून ओढायला लागली. एकटीच. तिचा सूर कुठच्या कुठं.

सून वाटी घेऊन मुलाला हळद लावायला आली. तिनं वर बघितलं आणि टीव्हीतले हात दिसले तिला. तशीच बघत राहिली. ते वाकडं बोट तिनं किती वर्षं बघितलं असेल, तांदूळ पाखडताना, तिला मारायला उगारताना, तिच्या बाळाला न्हाऊ घालताना. मग तिनं हळद लावायला सुरुवात केली, आणि मी बघितलं, ती त्या ठेक्यात लावत होती. गालाला, दंडाला, पायाला.

पाच मिनिटं झाली आणि डीजेवाल्यानं वायरीकडे हात नेला. मी उठेपर्यंत ही बया पाटाजवळून ओरडली, पिवळा हात वर करून:

“ए, ठेव खाली! चालू धवला तोडत नायत. सासूचा हाय माज्या.”

त्यानं हात मागं घेतला. आणि उरलेली सहा मिनिटं सगळ्यांनी ऐकलं. काहींना अर्थ कळला, काहींना नाही. नवऱ्यानं मान वर करून टीव्हीकडे बघितलं आणि आईला हळूच विचारलं, “आज्जीचे?” ती म्हणाली, “हालू नको, डोळ्यात जाईल.”

संपला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, धवल्याला वाजवत नसतात. मग डीजे लागला आणि अंगण हादरलं. मी पेनड्राइव्ह पदराला बांधला आणि घरी आले. पंचवीस पावलं. दार लावून बसले तरी भांडी थरथरत होती. माझा शब्द पुरा झाला होता, आणि तो कुणाला सांगावा तर ज्यांना दिला त्याच नव्हत्या.

लग्नानंतर आठ दिवसांनी शेजारी पुन्हा कुलूप लागलं. सून जाताना आली होती. म्हणाली, “काकी, मला पन पाठवा तो.” मी म्हटलं, “पाठवनार नाय, पेनड्राइव्हमदी घेऊन जा.” तिनं घेतला. मग दारात उभी राहून म्हणाली, “बोलायच्या का वो त्या माज्याबद्दल?” मी म्हटलं, “रोज.” खरं आहे ते. काय बोलायच्या ते तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

माझ्या मुलालाही पाठवला, या वेळी फाइल म्हणून. पोचल्याची खूण आली आहे. बघितला असेल, नसेल.

आता भाताची लावणी उरकलीय. दुपारी सगळीकडे पाणी आणि बेडूक. मूळ व्हिडिओ मी दोन ठिकाणी ठेवलेत, एक लॅपटॉपमध्ये, एक छोट्या डिस्कमध्ये, ती डिस्क तांदळाच्या डब्यात ठेवते, कोरडी राहावी म्हणून. अजून दोन दिवसांचे धवले कापायचे आहेत. नवरी पाठवायचा तर उघडलासुद्धा नाही. का, तर मला आता ते सुपाऱ्यांचं लगीन लावावंसं वाटत नाही. खरं लगीन बघितल्यावर दोन सुपाऱ्यांपुढं बसणं मला जमेना. आणि लगीन नसताना लावायचा नाही. म्हणजे जाऊबाई माझ्या घरात आहेत, तीन फुटांवर, आणि मी त्यांचा आवाज ऐकू शकत नाही. परवा आवाज बंद करून नुसतं तोंड बघत बसले. ओठ हलत होते. पाच मिनिटांत बंद केलं.

कार्तिकात तुळशीचं लावीन, तेव्हा ऐकता येईल. पण धवला एकटीनं ऐकायचा नसतो गं, मागून ओढायला कुणी तरी लागतं. शेजारची म्हातारी आहे, पण ती आता कानानं कमी झालीय. तुला ओढता येत नाही हे मला माहीत आहे. शिकवीन. पहिल्या ओळीपासून सुरू करावं लागेल, कारण मलाही मधलं सांगता येत नाही.

आणि कार्तिकापर्यंत थांबू नकोस. कार्तिक लांब आहे, आणि आता मी भिंतीवर थाप मारली तर उलट मारणारं पलीकडं कुणी नाही. शनिवारी निघ, वास्तुशांतीचा मूळ व्हिडिओ पेनड्राइव्हवर घे, कर्जतला उतर, कडावची टमटम धर. टमटमवाल्याला सांग, आंब्याच्या घराशी सोड. बोंबील भाजून ठेवते. लवकर ये.